१३०/८० आणि तुमचं अर्धं राहिलेलं पत्र

मॅडम, तुमच्या शोकसभेत जे बोललं गेलं त्यातलं निम्मं तुम्ही पेनाने खोडलं असतं. ट्रस्टचे एक जण उठून म्हणाले, डॉक्टरबाई कधी कुणावर रागावल्या नाहीत. माझ्या शेजारी शकुंतला सिस्टर बसल्या होत्या. तुमच्या वॉर्डात केस पांढरे झालेल्या बाई. त्यांनी मला कोपराने ढोसलं आणि पदराआडून म्हणाल्या, "हे दुसऱ्या कोण्या बाईबद्दल बोलून राह्यले का?" मला हसू आलं आणि ते आवरता आवरता रडू फुटलं. मग कुणीतरी मला बोलायला सांगितलं. मी बोलणारी म्हणून प्रसिद्ध आहे. उठले, माईकपर्यंत गेले आणि परत येऊन बसले. मनात येणाऱ्या प्रत्येक वाक्याला तुम्ही विचारत होतात, "हे तू पाहिलंस का?"

म्हणून आज लिहितेय. पाहिलेलं तेवढंच.

आपल्या हॉस्पिटलात शिकायला येणारा प्रत्येक डॉक्टर तीन वर्षं राहतो. वर्षातून दोनदा त्याचं मूल्यमापन होतं आणि जाताना त्याला शिफारसपत्र मिळतं. बाकी ठिकाणी हे काम शेवटच्या आठवड्यात, आठवेल तसं उरकतात. लक्षात राहतात ते दोन प्रकारचे, फार बोलणारे आणि फार चुकणारे. मधले गुपचूप काम करणारे सगळे एकाच मापाने 'चांगले' ठरतात. तुम्ही मात्र प्रत्येकाची वेगळी वही ठेवायचात. दोनशे पानी, खाकी कव्हराची. राउंड संपला की खिडकीजवळ उभ्या राहून त्यातल्या एखाद्या वहीत तीन-चार ओळी लिहायचात. तारीख, पेशंट, काय घडलं. सिस्टरकडून कळलं असेल तर तसं नमूद करायचात: "ऐकलेलं, पाहिलेलं नाही." आणि एप्रनच्या खिशात एक चिठ्ठी असायची. त्या आठवड्यात ज्यांच्याकडे तुमचं लक्षच गेलं नव्हतं, त्यांची नावं.

मी पहिल्या वर्षाला आले आणि पहिल्याच आठवड्यात तुमच्याशी भांडले. तुम्हाला आठवत असेल. माझे वडील, आण्णा, अंकुशनगरला साखर कारखान्यात फिटर होते आणि कामगारांची पत्रकं काढायचे. मी अक्षरं शाळेत जाण्याआधी त्या पत्रकांवर शिकले. आण्णांबद्दल कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवतंय, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. चौकीत बोलावलं की हवालदार आधी कागद चाळायचा. त्या कागदात काय आहे हे आण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळे तुमच्या हातात माझ्या नावाची वही दिसली तेव्हा मी सगळ्या वॉर्डासमोर आण्णांच्या हवालदाराचं सांगून विचारलं, की ही आमच्यावर पाळत आहे का.

तुम्ही चष्मा काढलात. "तुमचा हवालदार वाचून दाखवतो का?" एवढंच विचारलंत. आणि मला खुर्चीवर बसवून माझ्यावरची नोंद वाचलीत. ती मला अजून पाठ आहे. "पेशंटच्या सुनेला 'इतके दिवस काय करत होता' असं तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी सुनेने उत्तर देणं बंद केलं. त्यामुळे औषध कधीपासून थांबलं ते कळलं नाही."

नंतर वही माझ्यापुढे सरकवलीत. उजवं पान तुमचं, डावं पान कोरं. डावं पान ज्याची वही त्याचं. पटत नसेल तर का पटत नाही ते लिहायचं, पटलं असेल तर पुढे काय केलं ते लिहायचं. मी पेन उघडलं आणि पान भरून पत्रक लिहिलं. संस्थेची सत्ता, शिकणाऱ्यांची मुस्कटदाबी, आरोग्यव्यवस्थेचं अपयश. तुम्ही शांतपणे शेवटपर्यंत वाचलंत. "भाषा फार छान आहे," म्हणालात. "यात ती सून कुठंय?"

ती सून पानावर कुठेच नव्हती. जन्मभर जिच्या बाजूने घोषणा दिल्या, त्या बाईवर मी खेकसले होते आणि माझ्या निषेधातही तिला जागा नव्हती. त्या दिवसापासून तुम्ही मला 'पत्रकवाली' म्हणू लागलात. चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेल्या कापडवाल्यांच्या घरातल्या तुम्ही. घरी मारवाडी बोलायचात आणि वॉर्डात आमच्यापेक्षा गावरान मराठी. "पत्रकवाल्या बाई, आज बिलकुल गप हाव, बरंय ना तब्येत?" सगळे हसायचे. मीही हसायचे, पण दोन दिवस उशिरा.

आता ती गोष्ट, जी शोकसभेत सांगायला हवी होती.

शिक्षण पूर्ण झालं, तुम्ही मला इथेच ठेवून घेतलंत आणि निम्म्या शिकाऊ डॉक्टरांच्या वह्या माझ्या हाती दिल्यात. त्यात विष्णूची वही होती. वडीगोद्रीजवळच्या गावचा, शेतकऱ्याच्या घरचा, कमी बोलणारा. पहिले काही आठवडे मी रोज लिहिलं. नंतर कामं वाढली आणि वह्या कपाटात राहिल्या. मूल्यमापनाच्या आदल्या दिवशी माझ्या लक्षात आलं की सहा आठवड्यांत मी एक ओळ लिहिलेली नाही. मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांना सांगते. दुपारभर बसून सगळ्यांच्या नोंदी आठवून लिहून काढल्या, मागच्या तारखा टाकून. त्या वेगवेगळ्या दिवशीच्या वाटाव्यात म्हणून तीन वेगवेगळी पेनं वापरली. निळं, काळं आणि पुन्हा जरा फिकट निळं.

तुम्ही वह्या चाळल्यात. फक्त म्हणालात, उद्या ज्याच्या त्याला वाचून दाखव. मी वाचून दाखवल्या. विष्णूच्या वहीत मी लिहिलं होतं की अमुक तारखेला त्याने दम्याच्या एका बाईला इन्हेलर कसा ओढायचा हे नीट समजावलं. विष्णूने ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, चांगलं लिहिलंय. पर त्या दिवशी मी न्हवतो. बहिणीच्या साखरपुड्याला गावाकडं गेल्तो."

खोलीत आपण तिघंच होतो. तुम्ही वही माझ्या हातातून घेतली नाहीत. मला म्हणालात, खोड. मी नोंद खोडली. डावीकडच्या पानावर विष्णूने लिहिलं, "त्या दिवशी रजेवर." आणखी एक शब्द नाही. तुम्ही ही गोष्ट ट्रस्टला सांगितली नाहीत, कुणालाच सांगितली नाहीत. उरलेल्या खोट्या नोंदी मी तुमच्यासमोर बसून एकेक करून खोडल्या, आणि त्या वेळी मी तुमच्याबद्दल जितकी कृतज्ञ होते तितकी आयुष्यात कुणाबद्दल नव्हते.

ही कृतज्ञता पुढे आपल्या भांडणात आडवी आली.

वर्षभराने विष्णू चुकला. परतूरचे एक आजोबा वॉर्डात होते. त्यांचा बीपी दर सहा तासांनी मोजायचा होता. तक्त्यावर एकाखाली एक तीन नोंदी होत्या, १३०/८०, १३०/८०, १३०/८०. आमच्या धंद्यात या आकड्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. न मोजता लिहायचा असेल तर हाच आकडा लिहितात, कारण तो कुणाला त्रास देत नाही. तुम्ही स्वतः पट्टा बांधून मोजलात. वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढे होता. औषध बदललं, आजोबा बरे होऊन घरी गेले. पण तुम्ही त्याच दिवशी विष्णूच्या वहीत लिहिलंत. त्यात हेही लिहिलंत की त्या दिवशी तो दोन वॉर्ड एकटा पाहत होता.

त्याने डावीकडे काय लिहिलं ते मी तेव्हा वाचलं होतं. "मोजला नाही. वेळ नव्हता असं नाही. तीन मिनिटं होती." मग तो उठला, आजोबांच्या खाटेजवळ गेला, तक्त्यावरच्या तिन्ही नोंदींवर रेघ मारून शेजारी 'मोजला नाही' असं लिहून सही केली आणि खाटेजवळ बसलेल्या आजीला सांगितलं की मी तुमच्या माणसाचा बीपी न बघता लिहिला होता. आजीने आजोबांची बाही वर सारली. म्हणाली, "मंग आता मोजा."

तेव्हापासून तो प्रत्येक पेशंटचा बीपी स्वतः दोनदा मोजतो. शकुंतला सिस्टर त्याला 'दोनदा डॉक्टर' म्हणतात, म्हणजे तोंडावर. मागे काय म्हणतात ते लिहीत नाही. वडीगोद्रीच्या साप्ताहिक ओपीडीत एका गरोदर बाईचा बीपी इंटर्नने बराबर आहे म्हणून लिहिला होता, तो याने पुन्हा मोजला, फार वाढलेला निघाला, आणि तिला तासाभरात जालन्याला पाठवलं. ती आणि तिची मुलगी दोघी सुखरूप आहेत. हे मी पाहिलं. गाडीत बसवताना मी तिथे होते.

आणि मग गेल्या महिन्यात त्याने पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागाच्या फेलोशिपसाठी अर्ज केला. जागा दोन. शिफारसपत्र तुमचं.

तुम्ही पत्रं आधी मराठीत लिहायचात, नंतर इंग्रजीत करायचात. मराठीत फुगवता येत नाही, असं तुमचं म्हणणं. तुम्ही मला सांगितलंत की पत्रात १३०/८० येणार. मी म्हणाले, बिलकुल येऊ नये. माझं म्हणणं मी तेव्हा मांडलं, आजही मांडते. त्या दोन जागांसाठी जे अर्ज करतील त्यांच्या पत्रांत 'अतुलनीय' आणि 'असामान्य' यांचा सडा पडलेला असेल. कुणाचे वडील हॉस्पिटलचे मालक, कुणाचा मामा विभागप्रमुख. त्यांच्या चुका कुणी लिहिणार नाही. सगळे खोटं लिहीत असताना एकाने खरं लिहायचं ठरवलं तर त्याची किंमत लिहिणारा मोजत नाही, ज्याच्यासाठी कुणी खोटं लिहिणारा नाही तो मोजतो. तुमचं खरं बोलणं वडीगोद्रीच्या पोराच्या पाठीवरून चाललंय, असं मी म्हणाले. आवाज चढला होता माझा.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग विचारलंत, "हे तू विष्णूसाठी बोलतेस का स्वतःसाठी?"

मी दार आपटून निघून गेले. सोमवार होता. गुरुवारी सकाळी तुम्हाला ओपीडीच्या खुर्चीत झटका आला आणि शनिवारी तुम्ही गेलात. मंगळवारी आणि बुधवारी मी तुमच्या खोलीसमोरून कितीदा तरी गेले. आत आले नाही. आपण दोघी एकमेकींना उद्या भेटणारच आहोत, अशा थाटात मी रागावले होते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, मॅडम. जिना उतरतानाच सुचलं होतं. हो, स्वतःसाठीही बोलत होते. कारण मीही न पाहता लिहिलं होतं, तीन पेनांनी. माझं तुम्ही खोलीत मिटवलंत. विष्णूचं मात्र पुण्याला पाठवणार होतात. वरच्याची चूक दार लावून खोडायची आणि शिकणाऱ्याची पत्रात घालायची, हा कुठला न्याय? आण्णांची पत्रकं वाचून वाढलेल्या मुलीने हे तुमच्या तोंडावर विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण त्या न्यायाचा फायदा मला झाला होता. तुम्ही काय म्हणाला असतात, मला माहीत नाही. कदाचित तुम्ही चष्मा काढला असतात. कदाचित म्हणाला असतात, बराबर आहे. तुम्ही अशा होतात की दोन्ही शक्य होतं, आणि हे असं तुटल्यावर मला त्याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो.

ज्या गुरुवारी तुम्हाला मोठ्या हॉस्पिटलात नेलं, त्या दिवशी सिस्टरने तुमच्या एप्रनमधली चिठ्ठी माझ्याकडे दिली. दोन नावं होती. दोन्ही पहिल्या वर्षाच्या मुली. तुम्ही गेल्याचा फोन आला त्या सकाळी मी वॉर्डात होते, त्यांच्यातल्या एकीच्या मागे उभी. ती एका म्हाताऱ्या माणसाला सलाईन लावत होती. सुई टोचण्याआधी तिने त्याचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून गरम केला. तेवढं लिहिलं आणि मगच फोन घेतला.

तुमच्या टेबलावर विष्णूचं पत्र सापडलं. दीड पान. तुमच्या तिरक्या अक्षरात, तो कसा शिकला, काय करतो, कशात कमी पडतो. शेवटची ओळ: "मार्चमधल्या एका सकाळी वॉर्डात". पुढे कोरं. पत्र पाठवायला नऊ दिवस उरले होते आणि आता सही माझी होती.

मी माझ्या पद्धतीचं पत्र लिहिलं. 'मार्चमधल्या सकाळी' ही ओळ काढली. शिकाऊ डॉक्टरला वाचून दाखवल्याशिवाय पत्र जात नाही, ही तुमची रीत मोडायची हिंमत झाली नाही, म्हणून विष्णूला बोलावलं. सिस्टर चहा घेऊन आल्या आणि गेल्याच नाहीत. मी वाचलं. "नोंदींच्या बाबतीत अत्यंत विश्वासार्ह" या ओळीवर विष्णूने मान वर केली.

"कशावरून, ताई?"

मी म्हणाले, तू प्रत्येक बीपी दोनदा मोजतोस त्यावरून.

"आन् दोनदा का मोजतो, ते कुठं लिहिलंय?"

मी पत्र पुन्हा वरपासून चाळलं. विष्णू म्हणाला, "मला तिथं जायचंय, ताई. लई जायचंय. तुम्ही ते काढलं तवा मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पर आता ऐकून राह्यलो तर हे कोण्या दुसऱ्याचं पत्र वाटतंय. तो गडी चुकलाच न्हाई कधी." मग म्हणाला, "मी काय सांगू? सही तुमची हाय."

मी त्याला विचारणार होते की घालू का, तुझी परवानगी आहे का. प्रश्न ओठांवर आला होता आणि तिथेच थांबला, कारण मला तुमचा चेहरा दिसला. परवानगी मागणं म्हणजे माझं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवणं. त्याने हो म्हटलं तर मी सुटले, नाही म्हटलं तरी सुटले. याला आण्णांच्या भाषेत पळ काढणं म्हणतात.

मी त्याच्यासमोर बसून तुमची ओळ पूर्ण केली. तीन नोंदी, पट्टा, दोन वॉर्ड, आजी. 'अत्यंत विश्वासार्ह' खोडलं. त्या जागी वडीगोद्रीची बाई लिहिली. आणि मग एक परिच्छेद लिहिला जो तुम्ही लिहिला नसतात, किंवा कोण जाणे. "हे पत्र लिहिणाऱ्या डॉक्टरने त्याच्या आदल्या वर्षी याच विद्यार्थ्याबद्दल न पाहिलेली नोंद केली होती. ती नोंद त्याच्या बाजूची होती. ती खोटी आहे हे त्यानेच सांगितलं. मी तेव्हा त्याची शिक्षिका होते."

सिस्टर म्हणाल्या, "अगं बाई, तुला तिथं नोकरी न्हाई ना मागायची?" विष्णू पहिल्यांदा मोठ्याने हसला.

यावर आपलं एकमत झालं असतं की नाही, याचा मी नाद सोडलाय. चूक लपवायची नाही हे तुमचं मान्य. पण ती एकट्या शिकणाऱ्याची म्हणून पाठवायची नाही, हे माझं. खरं लिहायचंच असेल तर वरपासून लिहायचं. तुमच्या वह्या आता माझ्या कपाटात आहेत आणि मी त्यांत एक वही वाढवलीय, माझ्या नावाची. उजवी पानं शिकाऊ डॉक्टर लिहितात, डावं पान माझं. पहिल्याच आठवड्यात एका मुलीने लिहिलं की वैशाली मॅडम राउंडला उत्तराची वाट पाहत नाहीत, स्वतःच उत्तर देतात. मी डावीकडे पान भरून लिहायला बसले होते. मग सगळं फाडलं आणि लिहिलं, "खरं आहे. उद्यापासून उत्तर देण्याआधी मनात दहापर्यंत आकडे मोजेन." रोज मोजते. सातवर धीर सुटतो.

काल पुण्याहून नकार आला.

मुलाखतीत विष्णूला बराच वेळ त्या तीन नोंदींबद्दलच विचारलं, असं तो म्हणाला. नकार त्यामुळेच आला का, हे मला माहीत नाही आणि मी अंदाज लिहिणार नाही. बातमी ऐकली तेव्हा मला तुमचा राग आला, तेही इथे असू द्या. पाच आठवड्यांनीसुद्धा मेलेल्या माणसाचा राग येतो आणि तो घेऊन जायला कुठे जागा नसते. मी तुमच्या खिडकीजवळ जाऊन उभी राहिले. काय काय बोलले ते लिहीत नाही.

विष्णू संध्याकाळच्या राउंडला वेळेवर आला. पहिल्या खाटेवर दोनदा मोजलं, दुसऱ्या खाटेवर दोनदा मोजलं. राउंड संपल्यावर म्हणाला, "ताई, हैदराबादला एक जागा हाय. मुदत शुक्रवारपर्यंत. पत्र लागंल."

त्याने दुसरं काही मागितलं नाही आणि मीही त्याला काही विचारलं नाही. सिस्टर दारात उभ्या होत्या. मी तुमच्या टेबलाशी बसले, पत्र काढलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याला पुन्हा एकदा वाचून दाखवलं, आणि फक्त वरची तारीख बदलली.